रांजणाशेजारचं मशीन

"चपला बाहेर. हात धुवा. मंग शिवा."

कंपाउंडर काकांच्या क्वार्टरचा उंबरा ओलांडताना हे तीन हुकूम मी इतक्या वेळा ऐकले, की आजही ऑफिसात कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी माझे पाय टेबलाखाली आपोआप बुटांतून बाहेर येतात. शेजारचा सहकारी नाकाला रुमाल लावतो. त्याला काय सांगणार?

ज्या मशीनसाठी एवढं सोवळं होतं, ते सैपाकघरात पाण्याच्या रांजणाशेजारी, सलाईनच्या रिकाम्या खोक्यावर बसलेलं असे. काकांच्या मते घरातली सगळ्यात गार जागा तीच. मी पहिल्या दिवशी म्हटलं, "काका, ओलाव्यानं खराब होईल ते."

"रांजणाशेजारी दही टिकतं, लोनी टिकतं. ह्योच काहून न्हाई टिकनार?"

माझ्या कॉम्प्युटरच्या डिप्लोम्यात दह्याचा धडा नव्हता. सांगायला लाज वाटते, पण ते मशीन टिकलं. पुढं मी स्वतःसाठी घेतलेलं मशीन कोरड्या, हवेशीर खोलीत पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ठेवलं होतं. ते पहिल्याच उन्हाळ्यात गेलं.

गाव आखाडा बाळापूरहून आत, फाट्यावर उतरून चालत जाण्याचं. नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून ओळखतात, आणि कशासाठी ओळखतात ते पुढं येईलच. दोन हजार दोन-तीनची गोष्ट. बायको नर्स, तिची तिथल्या सरकारी दवाखान्यात बदली झाली. मी औरंगाबादच्या सिडकोत वाढलेला. टेम्पोतून गॅसची शेगडी, लोखंडी कपाट आणि मी, असं तिचं सामान उतरलं. गावानं मला चार दिवसांत नाव दिलं : सिस्टरचे मिस्टर. मी कॉम्प्युटर क्लास काढला. मशीन दोन, विद्यार्थी तीन, त्यातला एक फक्त लग्न जमेपर्यंत येणार होता. त्याचं दिवाळीत जमलं आणि क्लास बुडाला.

काका त्याच दवाखान्यात औषधं देत. कागदोपत्री औषधनिर्माता, गावासाठी कंपाउंडर. उंच, थोडे वाकलेले, अंगाला कायम स्पिरिटचा वास. खिशाला तीन पेनं : निळं लिहायला, लाल खूण करायला, आणि तिसरं, शाई संपलेलं, कुणी पेन मागितलं तर द्यायला. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. एक धाकटी बहीण कनेरगाव नाक्याला. निवृत्तीला तीनेक वर्षं उरलेली.

त्यांच्याकडं एक संपत्ती होती. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, औषधाच्या खिडकीत बसून लिहिलेल्या लांब वह्या. सरकारी रजिस्टर वेगळं, त्यात डॉक्टर रोगाचं नाव लिहीत. काकांच्या वहीत पेशंटचे शब्द असत. "छातीत मांजर बसलंय." "डोस्क्यात भिंगरी फिरून राहिली." "पोटात कोनी तरी बोलून राहिलं."

"पेशंट जे म्हनतो तेच लिवायचं, मिस्टर. आपली अक्कल उजवीकडच्या खान्यात."

उजवीकडचा खाना म्हणजे शेरा. बहुतेक ठिकाणी तो रिकामाच असे.

या वह्यांतून त्यांना एकच गोष्ट हवी होती. आमच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची सुई ठेवलेली नसे. पेशंट आला, की जीप शोधायची आणि नांदेडला धाडायचा. काकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले. शेवटी वरच्या ऑफिसातले एक साहेब त्यांना म्हणाले होते, "तळमळ कळते हो तुमची. पण तळमळीवर साठा देता येत नाही. आकडा आणा. कुठल्या गावचे, कुठल्या महिन्यात, किती."

आता आकडा आणायचा म्हणजे पंचवीस वर्षांच्या वह्या उपसायच्या. आणि काकांनी कुठंतरी वाचलं होतं, की घरच्या घरी असं मशीन बसवता येतं, ज्याला नुसतं विचारायचं.

"दवाखान्याचं रजिस्टर आजचं सांगतं," ते म्हणाले. "मला असं पायजे, की वर्सावर्साचं सांगील. आकडे गोळा करनं म्हंजी शेन गोळा करनं. थापल्याबिगर गवरी न्हाई. तुमी थापून द्या."

एवढ्या आदरानं मला कुणी काम दिलं नव्हतं. माझ्या बुडालेल्या क्लासची दोन मशीनं उघडून त्यातून एक चालतं केलं. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं, त्यावर डेटाबेस बसवला. तीन वेळा बसवला, कारण दोनदा काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. काका शेजारी मांडी घालून बसत आणि तिच्याकडं पाहत म्हणत, "जीव हाय अजून. घाई नगा करू."

विजेसाठी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी होती, पण तिचा भरवसा अर्ध्या तासाचा. म्हणून भारनियमनाच्या ठरल्या वेळेआधी दहा मिनिटं काका औषधाच्या खिडकीतून उठत. "थांबा बापू, मशीनला निजवून येतो." रांगेतली माणसं कुरकुरत.

"काहो काका, लेकरू हाय का ते?"

"लेकरूच म्हना. पर तुमच्याच कामाला येनार हाय, तुमच्या लेकरावानी न्हाई."

मशीन नीट बंद न करता वीज गेली, की त्यांना खरंच त्रास होई. "जेवत्या मानसाला ताटावरून उठवल्यावानी वाटतं," म्हणत.

तारखांचं टेबल बनवताना आमचं पहिलं भांडण झालं. मी वर्ष, महिना, दिवस असे खाने केले. काकांना नक्षत्राचा खाना हवा होता. मी समजावलं, डेटाबेसमध्ये नक्षत्र नसतं. ते म्हणाले, "सोयाबीन काय कॅलेंडर पाहून कापतेत का? मृगात पेरतेत, हस्तात कापतेत. मानूस नक्षत्रावर शेतात जातो, मंग जनावर बी नक्षत्रावरच भेटनार." मी तोंड वाकडं करून पंचांगावरून पंचवीस वर्षांची नक्षत्रं भरली. पुढं हेच एक टेबल बरोबर निघालं. बाकीच्यांत माझी अक्कल होती.

पहिली ओळ काकांनी स्वतः भरली. एका बोटानं, दहा मिनिटं लावून. नक्षत्र मघा. तांड्यावरची एक बाई, वय तीस. "पान लागलं. नांदेडला पाठवलं." शेरा रिकामा.

"शेऱ्यात काही लिहायचंय?"

"ऱ्हाऊ द्या. भरायचंय ते."

आता, एकच दुखणं दहा जण दहा तऱ्हेनं सांगतात. मशीनला मोजता यावं म्हणून प्रत्येक बोलण्यापुढं एक प्रकार लिहावा लागतो. ते काम माझं. "मांजर बसलंय" म्हणजे दमा, "भिंगरी" म्हणजे चक्कर. सापाबद्दल काकांनी मला सांगितलं, तेही आवाज खाली करून, "लांबडं म्हनतेत, जनावर म्हनतेत, किडा म्हनतेत. ते समदे एकात घाला." मी घातले. आणि पहिल्या ओळीपुढं, माझ्या अकलेनं, एक प्रकार लिहिला. तो कोणता, ते एवढ्यात सांगत नाही. बायको शेजारच्या खोलीत आहे.

भरताना मी एकदा एक अख्खं वर्ष पुसलं, तेही सांगून टाकतो. दोन चुकीच्या ओळी काढायच्या होत्या. हुकूम लिहिला, कोणत्या ओळी ती अट लिहायची राहिली, आणि एंटर दाबलं. मशीननं इमानानं त्या वर्षाचं सगळं टेबल रिकामं केलं.

काका आयुष्यात पहिल्यांदा मला तू म्हणाले. "खुरपायला सांगितलं तर नांगर घातलास रे गाढवा!" मग लांब श्वास घेऊन, "उद्याच्या गाडीनं कनेरगावला जा. ताईकडून बी घेऊन ये."

काका दर महिन्याला सगळ्याची एक नक्कल सीडीवर उतरवत आणि बहिणीकडं पाठवत. "बी एका कनगीत ठिवू नये" हा त्यांचा नियम. मी हिंगोलीला गाडी बदलून कनेरगाव नाक्याला उतरलो. ताईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "दादाचं बी न्यायला आलात व्हय? तुमीच का त्ये मिस्टर?" कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि धोतराच्या फडक्यात बांधलेली सीडी काढली. आत किडे लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला.

"ह्याचं पीक कवा येतंय हो?"

"येईल ताई."

"दादा बी असंच म्हनतो."

सीडी चालली. ट्रेमध्ये ज्वारीचा एक दाणा अडकला, तो काकांनी चिमट्यानं काढून चिमणीला टाकला. त्या दिवसापासून मशीनमध्ये माझ्या नावापुढं फक्त वाचणं आणि भरणं राहिलं. पुसायचा, बदलायचा अधिकार काकांकडं गेला.

सगळं भरून झालं. काकांनी स्वतः प्रश्न टाइप केला, मशीननं क्षणभर घरघर केली आणि आकडा दिला. आकडा लहान होता.

"एवढेच?"

"मशीन खोटं बोलत नाही, काका," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे वाक्य परत घेता आलं, तर मी बाकी काही मागणार नाही.

अर्ज गेला. उत्तर आलं : रुग्णसंख्या पाहता येथे साठा ठेवण्याची आवश्यकता वाटत नाही. काकांनी कागदाची घडी घालून वहीत ठेवली. "बराबर हाय त्यांचं. आकडाच तेवढा दिसून राहिला. मला जास्ती आठवतेत मिस्टर, पर याद म्हंजी काय आकडा न्हाई."

त्यानंतर ते मशीनला काहीबाही विचारत बसू लागले. दम्याचं गाव कोणतं, खोकल्याचं नक्षत्र कोणतं. मला वाटलं, जीव रमवतायत. एका भर उन्हाळ्यातल्या दुपारी त्यांनी मला बोलावलं. चपला काढल्या, हात धुतले.

"मिस्टर, आपल्याकडं लोक पावसातच जास्ती पान खातेत का हो?"

"म्हणजे?"

"हे बघा की. 'पान-तंबाखूची घेरी.' मृगात चढून राहिलं, हस्तात डोंगर. उन्हाळ्यात काहीच न्हाई."

हा प्रकार मीच बनवला होता. मी विद्वत्तेनं म्हणालो, "गारठ्यात माणूस तंबाखू जास्त खातो, काका."

"असं व्हय. वय दाखवा बरं."

वयं आली. त्यात एक चार वर्षांचं लेकरू होतं.

"ह्या लेकरानं तंबाखू खाल्ली?"

"आईबापांचं लक्ष नसेल."

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "त्यांचे बोल दाखवा. वहीतले."

पडद्यावर वरून खालपर्यंत एकच बोल उतरला. पान लागलं. पान लागलं. गवत कापताना पान लागलं. पायाला पान लागलं.

बायको चहा घेऊन आली होती. ती माझ्या खांद्यावरून वाचत हसायला लागली. "अहो, पायाला पान लागलं म्हणजे काय, पायानं खाल्लं? तुम्ही..." आणि ती मध्येच थांबली. कपबशी तिनं हळूच खाली ठेवली.

तिकडं साप चावला असं कुणी म्हणत नाही. नाव घेतलं की तो परत येतो. म्हणून म्हणायचं, पान लागलं. गावातलं शेंबडं पोर हे जाणतं. सिडकोतल्या मला फक्त सुपारी लागणं माहीत होतं : सुपारी लागली की घेरी येते. सुपारीला जे, तेच पानाला, असा मी हिशेब केला आणि पंचवीस वर्षांचे साप पानपट्टीवर नेऊन बसवले.

"पहिली ओळ काढा," काका म्हणाले.

काढली. मघा. तांडा. बाई, तीस. पान लागलं, नांदेडला पाठवलं. प्रकार : पान-तंबाखूची घेरी.

काका त्या ओळीकडं बघतच बोलले. जीपमध्ये तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. सोबत कुणी नव्हतं, नवरा मागून सायकलीवर येत होता. ती सारखी विचारत होती, भाऊ, अजून किती लांब हाय? ते म्हणत होते, आलंच माय, आलंच. मग तिनं विचारायचं थांबवलं. तेव्हा नांदेड बरंच लांब होतं.

"तिला आपन ह्याच्यात घातलं व्हय," ते म्हणाले.

ते मला गाढव म्हणाले असते, तू म्हणाले असते, तर मी सुटलो असतो. त्यांनी आपण म्हटलं. वर म्हणाले, "चूक माझी बी हाय, मिस्टर. पान म्हंजी काय, ते म्या एक डाव तोंडानं नाव घेऊन सांगितलं असतं, तर तुमाला तवाच कळलं असतं." आणि त्यांनी दुरुस्तीचा अधिकार पुन्हा माझ्या नावापुढं लावला.

पंधरा दिवस आम्ही तिघं वह्या घेऊन बसलो. बायको वाचायची, मी बदलायचो, काका लाल पेनानं खूण करायचे. एका ओळीशी माझा हात थांबला, की बायको म्हणे, "विचारा. तुमचं डोकं लावू नका." आकडा दुपटीच्याही पुढं गेला. गाव, नक्षत्र, दिवसाची वेळ, सगळं रांगेत उभं राहिलं. हस्ताचा डोंगर आता ज्याचा त्याला मिळाला.

तो कागद घेऊन काका आणि मी वरच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी जुनी फाइल उघडली. "गेल्या वेळी आकडा वेगळा होता. आता अचानक कसा वाढला?"

"चुकून दुसऱ्या खान्यात पडले व्हते, साहेब."

"कुठल्या?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पान लागलं म्हनतेत आमच्याकडं. पर ते पान न्हाई. साप हाय, साहेब. साप."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी दोनदाच ऐकला, दोन्ही वेळा त्याच दमात. पलीकडच्या क्लार्कनं पाय वर घेतले आणि टेबलाखाली वाकून पाहिलं. साहेबांनी कागद पुन्हा, या वेळी बोट ठेवून, वाचला. "माझी आजी पानच म्हणायची," ते म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मृग लागायच्या आधी सुया आल्या. दवाखान्याच्या फ्रिजचं दार काका दिवसातून इतक्या वेळा उघडून बघत, की बायको शेवटी ओरडली, "काका, तुमच्या बघण्यानंच गरम होतील त्या!" पहिला पेशंट आर्द्रात आला. चौथ्या दिवशी काठी टेकत घरी गेला. काकांनी वहीत त्याचे शब्द लिहिले, आणि शेऱ्यात, ठळक : "सुई दिली. चालत गेला."

मग सगळ्यांचं होतं तेच झालं. काका निवृत्त झाले. मशीन, रांजण आणि वह्या एका टेम्पोतून कनेरगावला गेल्या. मशीन त्यांनी मांडीवर घेतलं होतं. आमची वसमतला बदली झाली, मग आणखी कुठं, मग मला नोकरी लागली आणि मी मिस्टर उरलो नाही. दिवाळीला त्यांचा फोन येई. "चपला काढता का न्हाई?" एवढंच विचारत. मी हो म्हणत असे. तेव्हा ते खोटं होतं.

ते गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा ताई थकल्या होत्या. मशीन केव्हाच बंद पडलेलं, पण रांजणाशेजारीच, फडकं झाकून. निघताना त्यांनी ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. "शेवटलं बी हाय दादाचं. तुमालाच द्या म्हनला व्हता."

घरी कुठल्याच कॉम्प्युटरला आता सीडी घालायची जागा नव्हती. बाहेरून जोडायचं यंत्र आणलं, जुना डेटाबेस नव्यावर चढवायला दोन रविवार गेले. कडुनिंबाचा चुरा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. आमच्या ऑफिसात याच्या लाखपट डेटा रोज येतो आणि जातो, पण त्याला कुणी निजवत नाही, आणि त्यातल्या कुठल्याच ओळीत कुणाचं डोकं कुणाच्या मांडीवर नाही.

मी पहिली ओळ मागवली. मघा. तांडा. बाई, तीस. पान लागलं. नांदेडला पाठवलं. प्रकार : साप. तो मीच बदलला होता.

शेरा रिकामा नव्हता. कधी भरला कुणास ठाऊक, पण एका बोटानं भरलेला कळत होता.

"लांब न्हाई माय आता. इथंच हाय."

मी बायकोला हाक मारली. ती दारापर्यंत आली, माझ्या तोंडाकडं पाहून तिथंच थांबली. मग तिनं चपला बाहेर काढल्या, नळाखाली हात धुतले, पदराला कोरडे केले, आणि मगच त्या ओळीला बोट लावलं.